देब्रेत्सेन : पाच महिन्यांची राजधानी

राष्ट्राचा इतिहास राजधानीतच घडतो, असा समज आपल्या अध्यापनातून विद्यार्थ्यांच्या मनात नकळत रुजतो. हंगेरीच्या १८४८-४९ च्या स्वातंत्र्ययुद्धाचा इतिहास त्यास दुजोरा देत नाही.

जानेवारी १८४९ मध्ये ऑस्ट्रियाचा सेनापती विंडिशग्रेत्स याने बुडा व पेश्त ही शहरे घेतली. तेव्हा लायोश कोशूत आणि त्याचे सहकारी शासनासह तिसा नदीपलीकडील देब्रेत्सेन या नगरीत आले. शत्रू व शासन यांच्यामध्ये नदी राहिली, हा या निवडीचा मोठा लाभ होय. ही नगरी व्यापारी, कारागीर व कॅल्व्हिनपंथी लोकांची. राजवाडा तेथे नव्हता. १५३८ मध्ये स्थापन झालेले विद्यालय मात्र होते. त्याच्याच प्रार्थनागृहात प्रतिनिधिसभा भरू लागली. १४ एप्रिल रोजी कोशूतच्या सूचनेवरून ती जवळच्या मोठ्या चर्चमध्ये नेण्यात आली आणि हॅब्सबर्ग घराण्याच्या पदच्युतीची घोषणा जनसमुदायासमक्ष झाली.

पुढे रशियन फौजा ऑस्ट्रियाच्या साह्यास आल्या. २ ऑगस्टला देब्रेत्सेननजीक हंगेरियन सैन्य पराभूत झाले. १३ ऑगस्टला विलागोश येथे मुख्य सैन्याने शस्त्रे खाली ठेवली. १८६७ च्या तडजोडीत हंगेरीला अंतर्गत स्वायत्तता मिळाली, तरी राजपद हॅब्सबर्गांकडेच राहिले.

म्हणून ती घोषणा व्यर्थ ठरली काय? डिसेंबर १९४४ मध्ये हंगामी राष्ट्रीय सभा त्याच प्रार्थनागृहात भरली. राष्ट्राने ती जागा विसरली नव्हती. हंगेरीचा नकाशा शिकविताना बुडापेस्टबरोबर देब्रेत्सेनवरही बोट ठेवावे, ते याचसाठी.