धनुष्याचा हंगाम

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात हरणांच्या शिकारीसाठी बंदूकवाल्यांना नोव्हेंबरच्या अखेरीस जेमतेम नऊ दिवस मिळतात. धनुष्यवाल्यांचा हंगाम सप्टेंबरच्या मध्यात उघडतो आणि थेट नव्या वर्षापर्यंत चालतो. त्या देशातील बहुतेक राज्यांत थोड्याफार फरकाने असाच पंक्तिप्रपंच आहे. ज्याचे हत्यार दुबळे त्याला दिवस जास्त, असा त्यामागचा साधा हिशेब. विस्कॉन्सिनने तो पहिल्यांदा मांडला १९३४ साली. पण ज्या हौशी लोकांमुळे तो मांडावा लागला त्यांची परंपरा वीस-बावीस वर्षे आधी, सॅन फ्रान्सिस्कोतील एका संग्रहालयात सुरू झाली होती.

या शिकारीचे सावज म्हणजे मुख्यतः पांढऱ्या शेपटीचे हरीण आणि पश्चिम किनाऱ्याकडे त्याचे काळ्या शेपटीचे भाऊबंद. दोन्ही आपल्या चितळ-सांबरांच्या कुळातली, दरवर्षी शिंगे झडून नवी येणारी. रात्रभर कुरणात किंवा शेतात चरून उजाडता उजाडता ती झाडीतल्या बसायच्या जागेकडे परततात, आणि तीच शिकाऱ्याची वेळ. तो अंधार असतानाच पायवाटेलगत झाडावर किंवा आडोशाला दबा धरून बसतो. वाऱ्याचा हिशेब आधीच करावा लागतो. डोंगरउतारावर पहाटेची गार हवा खाली वाहते आणि ऊन तापले की तीच वर चढू लागते. सहाला बरोबर असलेली जागा आठला चुकीची ठरते, कारण माणसाचा वास आता सावजाकडे जातो. बंदुकीला दोनशे यार्डांवरून हे सारे फारसे सोसावे लागत नाही. धनुष्याला हरीण वीस-तीस यार्डांच्या आत यावे लागते, आणि एवढ्या जवळ आलेल्या हरणासमोर दोरी ताणण्यासाठी हात हलवणे हेच सर्वांत अवघड काम.

बाण गोळीसारखा धक्क्याने मारत नाही. त्याचे धारदार पाते रक्तवाहिन्या कापते आणि जनावर रक्तस्रावाने मरते. म्हणून नेम खांद्यामागे, फुप्फुसांवर धरायचा, आणि बाण लागला तरी अर्धा तास जागेवरून हलायचे नाही, असा या शिकारीचा जुना दंडक आहे. लगेच पाठलाग केला तर घायाळ हरीण पळत सुटते आणि हाती लागत नाही. संध्याकाळपेक्षा सकाळ बरी ती यासाठीही: रक्ताचा माग काढायला पुढे सबंध दिवसाचा उजेड असतो.

उत्तर अमेरिकेच्या बहुतांश भागात धनुष्य साधारण दीड हजार वर्षांपासून वापरात आहे; त्याआधी फेकदांडीने भाले मारत. युरोपीय लोक आले आणि बंदूक पसरली. अठराव्या शतकात चार्ल्सटनसारख्या बंदरांतून हरणांची कातडी गठ्ठ्यांनी युरोपला जाऊ लागली, आणि ती मिळवणारे मूळचे धनुर्धर स्वतःच बंदुकीकडे वळले. पुढच्या शतकात रेल्वे आणि शहरांतील मांसबाजार यांनी उरलेसुरले संपवले. १९०० साली लेसी कायद्याने बेकायदा मारलेल्या जनावरांचा राज्याराज्यांतला व्यापार बंद केला, तोवर पांढऱ्या शेपटीच्या हरणांची संख्या अंदाजाने पाच लाखांच्या आत आली होती.

गोऱ्यांमध्ये धनुष्याची हौस मध्यंतरी एकदा उफाळली होती. यादवी युद्धात दक्षिणेच्या बाजूने लढलेले मॉरिस आणि विल थॉम्पसन हे भाऊ युद्धानंतर धनुष्य घेऊन फ्लोरिडाच्या रानांत हिंडले. हरलेल्या सैनिकांना बंदुका बाळगायला बंदी असल्यामुळे त्यांनी धनुष्य उचलले, असे सांगितले जाते. मॉरिसचे पुस्तक १८७८ साली निघाले आणि दुसऱ्याच वर्षी राष्ट्रीय धनुर्विद्या संघटना स्थापन झाली. पण ती लाट लवकरच हिरवळीवरच्या निशाणबाजीत विरून गेली. रानातली विद्या शिकवायला तिच्याजवळ कोणी गुरू नव्हता.

तो मिळाला १९११च्या ऑगस्टमध्ये. उत्तर कॅलिफोर्नियातील ओरोव्हिल गावाजवळ उपासमारीने खंगलेला एक मध्यमवयीन माणूस सापडला. ‘याही’ या जमातीतला तो अखेरचा. वसाहतवाल्यांनी १८६०-७०च्या दशकांत या लोकांच्या कत्तली केल्या होत्या. त्यातून वाचलेली मूठभर माणसे लासेन पर्वताच्या पायथ्याच्या दऱ्यांत सुमारे चाळीस वर्षे लपून राहिली. १९०८ साली मोजणीदारांची एक तुकडी त्यांच्या शेवटच्या वस्तीवर जाऊन थडकली आणि तिथली धनुष्ये, बाण, पांघरुणे उचलून घेऊन गेली. उरलेल्यांतले बाकीचेही त्यानंतर गेले. एकट्या उरलेल्या या माणसाला मानववंशशास्त्रज्ञ आल्फ्रेड क्रोबर आणि थॉमस वॉटरमन यांनी विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्कोतील संग्रहालयात आणले. आपले नाव त्याने कधीच सांगितले नाही. क्रोबरने त्याला इशी म्हटले.

संग्रहालयाला लागूनच वैद्यकीय महाविद्यालय होते. तिथले शल्यविशारद सॅक्स्टन पोप १९१२ साली इशीच्या संपर्कात आले आणि त्याच्याकडून धनुष्य करायला व चालवायला शिकू लागले. त्यांनी केलेल्या नोंदी १९१८ साली विद्यापीठाने छापल्या. एखाद्या जमातीच्या धनुर्विद्येचे इतके बारीक वर्णन त्या जमातीच्या जाणत्या माणसाकडून थेट मिळाल्याची उदाहरणे फार थोडी आहेत.

इशीचे धनुष्य पहाडी जुनिपरच्या लाकडाचे, सुमारे साडेतीन फुटांचे. पसरलेल्या हातापासून विरुद्ध बाजूच्या खुब्यापर्यंत हे त्याचे माप. पाठीवर हरणाच्या पायाच्या स्नायूंचे धागे सामन माशाच्या कातडीच्या सरसाने चिकटवलेले, म्हणजे वाकवले तरी लाकूड पिचत नाही. त्याला ताणायला चाळीस-पंचेचाळीस पौंडांची ओढ लागे. बाणांची टोके काळ्या ज्वालामुखी काचेची. सॅन फ्रान्सिस्कोत आल्यावर बाटल्यांच्या काचेचीही. तो उकिडवा किंवा गुडघ्यावर बसून, धनुष्य छातीसमोर तिरके धरून, अंगठ्याने दोरी ओढी. निशाणबाजीच्या मैदानात लांबच्या नेमात तो पोपपेक्षा मागे पडे. मात्र दहा-वीस यार्डांवर, झुडपात, उभे राहायलाही जागा नसताना त्याची पद्धत तंतोतंत लागू पडत होती.

शिकारीच्या आदल्या दिवशी तो मासे खात नसे, तंबाखू ओढत नसे. सकाळी लवकर उठून ओढ्यात अंघोळ करी, सुवासिक रानपाला अंगाला चोळी, तोंड धुऊन नुसते पाणी पिई आणि उपाशीपोटी निघे. अंगावर लंगोटीखेरीज कपडा नाही, पायात काही नाही. कापड झुडपाला घासून आवाज करते. यात व्रत किती आणि वास लपवण्याचे व्यवहारज्ञान किती, याची वाटणी करण्याचे कारण नाही. इशीने ती केली नसती. जमातीत बाणवाले वाटांलगतच्या खडकांमागे बसत आणि दुसरे हाकारा करीत. एकटा असला की इशी भुसा भरलेले हरणाचे डोके डोक्यावर चढवून झुडपाआडून हळूच वर-खाली करी. कुतूहलाने हरीण जवळ येई.

१९१४च्या मे महिन्यात क्रोबर, वॉटरमन, पोप आणि पोप यांचा लहान मुलगा इशीला घेऊन त्याच्या जुन्या मुलखात, डिअर क्रीकच्या खोऱ्यात गेले. जिथे आपली सगळी माणसे मेली तिथे परतायला इशी आधी राजी नव्हता. त्या मुक्कामात त्याने दबा धरण्याच्या जागा दाखवल्या, डोक्याचा मुखवटा वापरून दाखवला, छायाचित्रे निघाली. पोप यांनी पुढे मोकळेपणाने लिहिले आहे की इशीबरोबर केलेल्या इतक्या शिकारींत धनुष्याने एकही हरीण पडले नाही. नवख्या माणसाची सोबत आणि शहरी डॉक्टरची घाई, दोन्ही इशीला नडल्या. या परंपरेचा उगम ज्या सकाळींत शोधला जातो, त्या सगळ्या अशा रिकाम्या हाताने परतण्याच्या आहेत.

२५ मार्च १९१६ रोजी इशी क्षयाने वारला. शवविच्छेदन करू नये असे क्रोबरने प्रवासातून कळवले होते. ते पत्र येईपर्यंत विच्छेदन उरकले होते. मेंदू पुढे वॉशिंग्टनच्या संग्रहात गेला आणि २००० साली त्याच्या नात्यातल्या जमातींना परत मिळाला. ज्या माणसाकडून एक सबंध विद्या घेतली त्याला दिलेली ही परतफेड होती.

पोप थांबले नाहीत. आर्थर यंग या धनुर्धराबरोबर त्यांनी कॅलिफोर्नियात हरणे मारली, नंतर अस्वलेही. १९२३ साली आलेले त्यांचे धनुष्याच्या शिकारीवरचे पुस्तक पुढच्या दोन पिढ्यांनी पोथीसारखे वाचले. १९२६ साली पोप वारले. यंग आपला अलास्कातील शिकारीचा मूकपट गावोगाव दाखवीत फिरत होते. डेट्रॉईटमध्ये तो पाहणाऱ्यांत मोटार उद्योगात काम करणारा फ्रेड बेअर हा तरुण होता. यंगकडून तो धनुष्य करायला शिकला आणि १९३३ साली त्याने स्वतःचा कारखाना काढला.

आता कायद्याची गरज पडली. बंदुकीच्या हंगामात बंदूकवाल्यांच्या गर्दीत धनुष्य घेऊन बसणे व्यर्थ आणि धोक्याचे होते. तरीही रॉय केस या धनुर्धराने १९३० साली विस्कॉन्सिनमध्ये तशाच हंगामात धनुष्याने हरीण मारले. तिथल्या विद्यापीठात १९३३ साली वन्यजीव व्यवस्थापनाचे प्राध्यापक झालेले आल्डो लिओपोल्ड स्वतः धनुष्ये तासत; पत्नी एस्टेला राज्याची धनुर्विद्या विजेती होती. हत्यार जितके साधे तितका शिकारीचा कस मोठा आणि रानाचे नुकसान कमी, असे लिओपोल्ड यांचे मत होते. १९३४ साली सॉक आणि कोलंबिया या दोन काउंट्यांत फक्त धनुष्यासाठी हंगाम उघडला. त्यात नोंदवला गेला तो एक नर.

हा एकाचा आकडा धनुष्यवाल्यांचे सर्वांत मोठे यश ठरला. हरणे कमी होत नाहीत आणि शिकाऱ्यांना रानात दिवस मिळतात, हे पाहून इतर राज्ये पुढे आली. पेनसिल्व्हेनियाने १९५१ साली स्वतंत्र हंगाम दिला. पण सवलत मिळाली तसे हत्यार दुबळे राहिले नाही. बेअर यांनी काचतंतूचे पापुद्रे लाकडावर चिकटवून न पिचणारी धनुष्ये कारखान्यात काढली. मिसुरीच्या हॉलिस विल्बर ॲलन यांना १९६९ साली ज्या धनुष्याचे पेटंट मिळाले त्याला टोकांवर कप्प्या होत्या. ते पूर्ण ताणले की हातावरचा भार एकदम उतरतो, त्यामुळे नेम धरून थांबता येते. जे कौशल्य अंगी बाणायला वर्षे लागत, ते काही आठवड्यांत जमू लागले. लिओपोल्ड यांचा कस इथेच निम्मा संपला, असे म्हणायला हरकत नाही.

पैशाची बाजूही याच काळात बदलली. १९३७च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका व काडतुसांवरच्या आधीपासूनच्या कराचे उत्पन्न वन्यजीवांसाठी राज्यांना देण्याची सोय केली होती. १९७२ साली धनुष्यबाणही या कराखाली आले. भारतात त्याच वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि १९९१च्या दुरुस्तीने परवान्यावरची शिकारही संपली. त्यामुळे महाराष्ट्रात चितळावर बाण रोखणे गुन्हा आहे, तर विस्कॉन्सिनमध्ये बाण विकत घेणारा हरणांच्या संवर्धनाला पैसे देतो.

नियम बारीक आहेत. विस्कॉन्सिनमध्ये धनुष्याची ओढ किमान ३० पौंड लागते. बाण लागूनही न सापडणाऱ्या घायाळ हरणांचा आक्षेप या शिकारीवर सुरुवातीपासून आहे, आणि तो खोटा नाही. अर्ध्या तासाचा दंडक सगळेच पाळत नाहीत.

दरम्यान हरणे इतकी वाढली की प्रश्नच उलटला. पांढऱ्या शेपटीची हरणे आज अडीच-तीन कोटींच्या घरात आहेत. ती उपनगरांतल्या बागा खातात, मोटारींना धडकतात. जिथे घरांमुळे गोळी झाडता येत नाही तिथे पुष्कळ नगरपालिका धनुष्यवाल्यांनाच बोलावतात. २००२ साली विस्कॉन्सिनच्या हरणांत मेंदू झिजवणारा प्राणघातक रोग आढळला, तेव्हापासून तर संख्या आटोक्यात ठेवणे हेच धोरण झाले. २०१४ साली त्या राज्याने क्रॉसबो, म्हणजे बंदुकीसारखा दस्ता आणि घोडा असलेले आडवे धनुष्य, सर्व शिकाऱ्यांना खुले केले. दुबळ्या हत्यारासाठी मिळवलेला लांब हंगाम आता मुळीच दुबळ्या नसलेल्या हत्यारालाही मिळतो.