रंगारावांचे घर

हैदराबादच्या सुलतान बाजारात जाणारा मनुष्य बहुधा खरेदीसाठी जातो. साड्यांची दुकाने, कापडाचे तागे, रस्त्याच्या कडेला मांडलेल्या बांगड्या, आणि २०२० सालापासून डोक्यावरून धावणारी मेट्रो, या गजबजाटात त्याचे लक्ष दुसऱ्या कशाकडे जाणे कठीणच. तथापि याच बाजारात एक जुने ग्रंथालय आहे. 'श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम' हे त्याचे नाव. ते जन्मले मात्र बाजारात नव्हे, जवळच्या रामकोट भागातील एका गृहस्थाच्या राहत्या घरात. आणि त्या घराच्या कथेत मराठी माणसाचाही भाग आहे. तो सर्वस्वी भूषणावह आहे असे मात्र म्हणता येत नाही.

सुलतान बाजाराचे पूर्वीचे नाव रेसिडेन्सी बाजार. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कर्कपॅट्रिक या इंग्रज वकिलाने येथे भव्य रेसिडेन्सी बांधली आणि तिच्या आश्रयाने भोवती पेठ वसली. पेठ हैदराबादची, परंतु अंमल रेसिडेंटचा, असा हा प्रकार १९३३ सालापर्यंत चालला. त्या वर्षी हा भाग निजामाकडे परत गेला आणि त्याला सुलतान बाजार हे नाव मिळाले. राज्यात अन्यत्र जे बोलणे अवघड, ते या पेठेत थोडे सोपे होते. आर्य समाजाची शाखा १८९२ साली येथेच निघाली. वकील, शिक्षक, सावकार अशी सुशिक्षित व सधन मंडळी याच भागात आणि त्याच्या आसपास राहू लागली.

त्या काळी निजामाच्या राज्यात तेलुगू भाषकांची संख्या निम्म्याच्या जवळपास, तर मराठी भाषकांची सुमारे चौथा हिस्सा होती. कचेरी व न्यायालय यांची भाषा मात्र उर्दू. ज्या भाषेत आई मुलाला जेवू घालते, त्या भाषेत सार्वजनिक ठिकाणी चार शब्द बोलण्याची सोय नाही, अशी दोन्ही समाजांची स्थिती होती. अशा वेळी १९०१ सालच्या सप्टेंबरच्या १ तारखेस राविचेट्टू रंगाराव यांनी आपल्या घरात तेलुगू पुस्तकांचे वाचनालय उघडले. रंगाराव तेव्हा अगदी तरुण होते. मुनगालचे जमीनदार राजा नायनि वेंकट रंगाराव आणि त्यांचे दिवाण कोमराजू लक्ष्मणराव हे या कार्यातील त्यांचे सहकारी होते.

लक्ष्मणराव यांचा परिचय मराठी वाचकाला असावयास हवा. त्यांचे शिक्षण नागपुरास, थोरली बहीण भंडारू अच्चमांबा हिच्या घरी राहून झाले. अच्चमांबा पुढे तेलुगूतील आद्य कथालेखिका म्हणून मान्यता पावली. लक्ष्मणराव मराठी उत्तम शिकले, मराठीत लेखनही केले. महाराष्ट्रातील ग्रंथसंस्था, नियतकालिके, इतिहाससंशोधन यांचे वारे त्यांच्या अंगावरून गेले होते, आणि जे मराठीत होते ते तेलुगूत का होऊ नये, हा विचार त्यांच्या मनात सतत असला पाहिजे. १९०६ साली याच मित्रमंडळाने 'विज्ञान चंद्रिका' ही ग्रंथमाला काढली. तिचे पहिले पुस्तक होते अब्राहम लिंकनचे चरित्र! निजामाच्या राजधानीत, अमेरिकेतील गुलामांची मुक्तता करणाऱ्या पुरुषाचे चरित्र तेलुगूत प्रसिद्ध करावयाचे, हे धाडस लहान नव्हे.

घरात सभा भरविणे ही गोष्ट बोलण्यास सोपी वाटते. सभागृहात सभा संपली की दरवाजाला कुलूप लागते. घरात तसे होत नाही. आलेल्यांची पादत्राणे ओसरीवर, वाद माजघरापर्यंत ऐकू येणारा, लहान मुलांची झोपमोड, पाण्याचे तांबे पुन्हा पुन्हा भरावयाचे. आणि हे सारे ज्यांच्या कष्टाने चालते त्या स्त्रियांचे नाव कोणत्याही इतिवृत्तात येत नाही. ख्रिस्ती धर्माच्या आरंभकाळी उपासनाही अशाच श्रद्धाळूंच्या घरी भरत, आणि पौलाच्या पत्रांतून त्या घरांच्या मालकिणींची नावे अद्यापि वाचावयास मिळतात. आपल्याकडील इतिहासकारांनी एवढी तसदी क्वचितच घेतली आहे.

राविचेट्टूंच्या घराच्या बाबतीत सुदैवाने असे एक नाव उरले आहे. रंगाराव १९१० साली, ऐन तारुण्यात निवर्तले. घरधनी गेल्यावर घरातील बैठक मोडते, असा आपला नित्याचा अनुभव. येथे तसे झाले नाही. त्यांच्या पत्नी लक्ष्मीनरसम्मा यांनी पतीच्या स्मरणार्थ ग्रंथालयाच्या वास्तूसाठी देणगी दिली. एका तरुण विधवेच्या हाती त्या काळी पैसा थोडा आणि त्यावर नजर ठेवणारे आप्त पुष्कळ. हे ध्यानात घेतले म्हणजे या देणगीचे मोल कळते. पुढे सुलतान बाजारात ग्रंथालयाची स्वतःची इमारत उभी राहिली. घर मात्र त्यानंतरही कार्यकर्त्यांना उघडे राहिले, आणि त्याचा उपयोग कसा झाला, हे १९२१ सालच्या एका प्रसंगावरून समजते.

नोव्हेंबरचा महिना होता. जवळच जांबाग येथे विवेकवर्धिनी ही मराठी मंडळींनी १९०७ साली काढलेली शाळा. केशवराव कोरटकर, वामन नाईक यांच्यासारख्या कर्त्या पुरुषांचे तिच्यामागे पाठबळ होते. तेथे निजाम राज्यातील सामाजिक परिषद भरली. अध्यक्ष होते महर्षी धोंडो केशव कर्वे. इंग्रजी, उर्दू आणि मराठी या भाषांतून भाषणे झाली. ती लोकांनी शांतपणे ऐकून घेतली. मग आलमपल्ली वेंकटरामराव नावाचे वकील उठले आणि तेलुगूत बोलू लागले. सभागृहात एकदम गोंगाट सुरू झाला. टवाळी झाली, टाळ्या पिटल्या गेल्या, आणि वक्त्याला भाषण आटोपते घ्यावे लागले.

हे ज्या परिषदेत घडले ती स्त्रीशिक्षण व समाजसुधारणा यांसाठी भरलेली होती, आणि घडले ते मराठी शिक्षणसंस्थेच्या आवारात. हुल्लड करणारे सारेच मराठी होते असे नव्हे; परंतु यजमानकी आपल्याकडे होती. पाहुण्याचा अवमान झाला तर दोष पंगतीतल्या उनाड पोरांना देऊन यजमानाची सुटका होत नाही. ज्यांना उर्दूच्या राज्यात स्वतःच्या भाषेचा संकोच सोसावा लागत होता, त्यांनीच शेजाऱ्याच्या भाषेला हसावे, ही गोष्ट आज शंभर वर्षांनंतरही मराठी मनाला बोचल्यावाचून राहत नाही.

दुखावलेली तेलुगू मंडळी गेली कोठे? घरीच. त्याच रात्री टेकुमल्ल रंगाराव यांच्या घरी दहाबारा जण जमले आणि 'आंध्र जनसंघ' स्थापन झाला. माडपाटी हनुमंतराव हे त्याचे प्रमुख कार्यकर्ते. पुढे १९२२ च्या प्रारंभी संघाची पहिली सभा भरली, ती राविचेट्टू रंगाराव यांच्या घरी. घरधन्याला जाऊन तेव्हा बारा वर्षे लोटली होती. या संघातूनच आंध्र महासभा उदयाला आली आणि १९३० साली जोगीपेठेत तिचे पहिले अधिवेशन झाले. हैदराबाद संस्थानच्या राजकारणाला या महासभेने पुढे कोणते वळण दिले, ते सर्वश्रुत आहे.

निजामी अंमलात सभेसाठी पूर्वपरवानगी सक्तीची करणारा 'गश्ती निशाण ५३' हा हुकूम कुप्रसिद्ध झाला. अशा राजवटीत घरांचे महत्त्व वाढावे यात नवल नाही. नामपल्लीच्या रस्त्यावरील 'गोल्डन थ्रेशोल्ड' या अघोरनाथ चट्टोपाध्याय यांच्या घरी बापापासून लेकीपर्यंत, सरोजिनी नायडूंपर्यंत, विद्वानांचा व देशभक्तांचा राबता राहिला. नातीने, पद्मजाबाईंनी, ती वास्तू विद्यापीठाला दिली. कोरटकरांच्या मराठी घराण्यात घरापेक्षा संस्थेचा वारसा चालला. केशवरावांचे पुत्र विनायकराव विद्यालंकार यांनी आर्य समाजाची धुरा वाहिली आणि १९४० साली पित्याच्या नावे केशव स्मारक शाळा उभी राहिली.

मराठी लोकांनाही आपली स्वतंत्र बैठक मांडावी लागलीच. महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन १९३७ साली परतूर येथे झाले. त्याआधी, १९३१ साली, मराठी साहित्य संमेलन हैदराबादेत भरले होते. अध्यक्षपदी ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर होते. तेलुगूतील ज्ञानकोशाचे काम कोमराजू लक्ष्मणराव यांनी केतकरांच्याही आधी हाती घेतले होते. तीन खंड बाहेर पडले आणि १९२३ साली त्यांचा अंत झाला. आणखी आठ वर्षे ते जगते, तर संमेलनासाठी आलेल्या या कोशकाराला रामकोटातील त्या घरी ते घेऊन गेले असते, आणि बोलणे मराठीतच झाले असते.