नोटेवर सही असलेला माणूस मत मागायला आला तेव्हा

मंडळी, परवा हमरापूरला एका कारखान्यात बसलो होतो. आतल्या बाजूला गणपतीच्या डोळ्यांची आखणी चालू होती, त्यामुळे बोलणं हळू आवाजात. तेवढ्यात एक जुने ओळखीचे गृहस्थ आले. नाव सांगत नाही, आपल्यातल्या बऱ्याच जणांना कळेलच. सगळी हयात सरकारी नोकरीत गेली, माणूस कामाचा. आता विधानसभेला उभं राहायचं मनात आहे. म्हणाले, "भाऊ, माझं परिचयपत्रक लिहून दे. तुला लिहायची सवय आहे." सोबत दोन पानी कागद दिला. जन्म, शिक्षण, भूषवलेली पदं, सत्कार. आणि वर मोठ्या अक्षरात टाकायला सांगितलं, 'तुमचाच माणूस'.

कागद खिशात घातला खरा, पण त्या दोन शब्दांनी डोकं भलतीकडेच नेलं. पार १९५२ मध्ये.

तेव्हा आपला जिल्हा कुलाबा. रायगड हे नाव १९८१ ला आलं. पहिली लोकसभा निवडणूक, आणि कुलाब्यातून काँग्रेसचे उमेदवार होते चिंतामण द्वारकानाथ देशमुख. रोह्याचे म्हणून आपण त्यांना ओळखतो. वडील रोह्यात वकील, बालपण तिथलंच. जन्म मात्र १४ जानेवारी १८९६ चा, महाड-रायगड रस्त्यावरच्या नाते गावचा.

आता त्यांचं परिचयपत्रक कसं झालं असतं बघा. १९१२ च्या मॅट्रिकला मुंबई इलाख्यात पहिले, संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती. केंब्रिजला वनस्पतीशास्त्रात बक्षीस. आयसीएसच्या परीक्षेत पहिले. मग मध्य प्रांत-वऱ्हाडात वर्षानुवर्षं जमाबंदी, जिल्ह्याचा कारभार, सचिवालय. ११ ऑगस्ट १९४३ ला रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. १९४४ ला ब्रेटन वुड्सच्या परिषदेत, जिथे जागतिक बँक आणि नाणेनिधी ठरले. १९५० पासून देशाचे अर्थमंत्री. छापायला दोन पानं पुरली नसती.

आणि हेच त्यांचं अवघड होतं, असं मला वाटतं.

कारण मतदार कोण होता? चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षं जमीन न कसता संप केला, तो हा जिल्हा. १९३० ला चिरनेरला जंगल सत्याग्रहात गोळ्या खाल्ल्या, तोही हाच. शेतकरी कामगार पक्षाचा इथे जोर. खारबंदीवर चिखल टाकणारा आगरी, होडीवरचा कोळी, डोंगरातला कातकरी, या सगळ्यांना पहिल्यांदाच मत मिळालं होतं. त्यांच्यासमोर उभा कोण, तर इंग्रजांनी १९४४ ला 'सर' केलेला माणूस.

अजून एक तारीख बघा. २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर भाई कोतवालांना पोलिसांनी गोळ्या घातल्या. माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्ष होते ते. व्यवसायाने वकील, गरिबांसाठी धान्यकोठ्या चालवणारे. म्हणजे तेही लोकसेवकच की! त्याच वर्षी सात महिन्यांनी देशमुख गव्हर्नर झाले. एकाच जिल्ह्याची दोन माणसं, एक सरकारच्या गोळीने गेला आणि दुसऱ्याची सही सरकारच्या नोटेवर आली. देशमुखांना कमी लेखण्यासाठी हे सांगत नाही. युद्धाच्या काळात रुपया सांभाळणं, फाळणीत पैशाची वाटणी करणं ही कामं कुणीतरी करायचीच होती, आणि ती त्यांनी चोख केली. पण दारात आलेल्या अशा उमेदवाराला 'तुम्ही तेव्हा कुठे होता?' असं विचारायचा मतदाराला पुरता हक्क होता.

अहो, आपल्या पेणचंच उदाहरण घ्या. विनोबा जन्मले गागोद्याला, ११ सप्टेंबर १८९५. देशमुखांपेक्षा चार महिन्यांनी मोठे. दोघंही संस्कृतात मुरलेले. विनोबांनी गीताई लिहिली, देशमुखांनी मेघदूत मराठीत आणलं. १९४० ला विनोबा पहिले वैयक्तिक सत्याग्रही म्हणून तुरुंगात गेले, देशमुख तेव्हा रिझर्व्ह बँकेत. १९५१ ला विनोबा जमीन मागत पायी निघाले आणि त्याच हिवाळ्यात देशमुखांची मतं मागायची वेळ आली. मॅगसेसे पुरस्कार विनोबांना १९५८ ला, देशमुखांना १९५९ ला. गेले तेही एकाच वर्षी. २ ऑक्टोबर १९८२ ला देशमुख, १५ नोव्हेंबरला विनोबा. शाळेत आम्हाला हे कुणी एकत्र सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

असो. त्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असायची, वर चिन्ह चिकटवलेलं. चिठ्ठी कुठल्या पेटीत टाकायची एवढंच. अक्षर न येणाऱ्या माणसाला बैलजोडी कळत होती, केंब्रिज कळायचं कारण नव्हतं. देशमुख निवडून आले. बैलजोडीचा वाटा किती आणि माणसाचा किती, ज्याने त्याने ठरवावं.

पण त्यांची खरी ओळख कुलाब्याला झाली ती निवडून आल्यावर चार वर्षांनी. १६ जानेवारी १९५६ ला नेहरूंनी रेडिओवरून जाहीर केलं की मुंबई केंद्राच्या ताब्यात राहील. मुंबईत आग उसळली, पोलिसांनी गोळीबार केला. देशमुखांनी राजीनामा देऊ केला, पण तो लांबत राहिला. स्टेट बँक नुकतीच उभी राहिलेली, आयुर्विम्याचं राष्ट्रीयीकरण अर्ध्यात, दुसरी पंचवार्षिक योजना तोंडावर. अर्थमंत्र्याला खुर्ची न सोडण्यासाठी कारणांची कमी नव्हती. तरी जुलैमध्ये ते बाहेर पडले. लोकसभेत उभं राहून त्यांनी सांगितलं, की मुंबईचा निर्णय मंत्रिमंडळाला नीट न विचारता झाला, आणि गोळीबाराची न्यायालयीन चौकशी सरकारने नाकारली. समोर नेहरू, ज्यांच्या मंत्रिमंडळात ते सहा वर्षं होते.

पेणच्या माणसासाठी मुंबई म्हणजे काय हे मी सांगायला नको. आपले गणपती जातात तिथे, आपली माणसं गिरणीत होती तिथे. आज दिव्याच्या गाडीत बसणारा हमरापूरकर सकाळी तिकडेच निघतो. ती मुंबई आपली नाही असं सांगितलं जात असताना कुलाब्याच्या खासदाराने देशाचं अर्थखातं सोडलं. १९५७ ला ते उभे राहिले नाहीत, विद्यापीठ अनुदान आयोगावर होते. कुलाब्याची जागा शेकापच्या राजाराम राऊतांनी घेतली. संयुक्त महाराष्ट्रासाठी १०६ माणसं गेली, आणि १ मे १९६० ला राज्य मिळालं.

पुढे १९६९ ला देशमुख पुन्हा उमेदवार झाले, थेट राष्ट्रपतिपदाचे. स्वतंत्र पक्ष आणि जनसंघाने त्यांना उभं केलं. गिरी आणि संजीव रेड्डींच्या झुंजीत ते तिसरे आले, मतमूल्य १,१२,७६९. ती उमेदवारी मला कधी फारशी पटली नाही. दोन कुस्तीगीर भिडलेले असताना आखाड्यात तिसऱ्याने पुस्तक घेऊन उतरावं तसं ते झालं. रोह्यातल्या कॉलेजला त्यांचं नाव आहे. तिथल्या पोरांना विचारलं तर गव्हर्नर होते एवढं बहुतेक सांगतात. राजीनाम्याचं क्वचितच कुणी.

तर काल त्या गृहस्थांकडे गेलो. म्हटलं, दादा, पदांची यादी चार ओळींत बसवू. पण एक सांगा, उद्या पक्ष एक म्हणाला आणि पेणची माणसं दुसरं म्हणाली, तर तुम्ही काय करणार? ते लिहून द्या, 'तुमचाच माणूस' च्या खाली टाकतो.

चहा संपेपर्यंत ते गप्प बसले. मग म्हणाले, "अरे, ते पत्रकात कशाला?"

कागद अजून माझ्याकडेच आहे. वरचे दोन शब्द लिहून झालेत, खालची जागा ठेवली आहे. आठवड्याने येतो म्हणालेत.