ओल्ड शो ग्राउंड, स्कन्थॉर्प

इंग्लंडच्या उत्तर लिंकनशर भागातील स्कन्थॉर्प या पोलादनगरीतील भूतपूर्व प्रदर्शन-मैदान व फुटबॉल मैदान. डॉन्कॅस्टर रस्त्यालगतच्या या जागेवर आता सुपरमार्केट व त्याचे वाहनतळ आहे. येथे पूर्वी स्कन्थॉर्प शो हे स्थानिक प्रदर्शन भरत असे, त्यावरून मैदानाला हे नाव पडले. प्रदर्शन मागे पडून फुटबॉल स्थिरावल्यावरही ते बदलले नाही.

१८५९ मध्ये या परिसरात लोहखनिज सापडल्यानंतर येथील शेतकरी खेडी वाढत जाऊन एकमेकांना भिडली व त्यांचे कारखान्यांचे शहर झाले. स्कन्थॉर्प युनायटेड या क्लबाला याच उद्योगामुळे ‘द आयर्न’ हे टोपणनाव मिळाले. १८९९ मध्ये स्थापन झालेला हा क्लब १९८८ पर्यंत याच मैदानावर खेळला आणि १९५० मध्ये त्याला फुटबॉल लीगमध्ये, म्हणजे इंग्लंडमधील व्यावसायिक क्लबांच्या राष्ट्रीय साखळी स्पर्धेत, प्रवेश मिळाला. जानेवारी १९५४ मध्ये एफए कप या बाद पद्धतीच्या स्पर्धेत पोर्ट्‌समथविरुद्ध झालेल्या सामन्याला २३,९३५ प्रेक्षक आले होते. मैदानाचा हा उच्चांक पुढे कधीच मोडला गेला नाही.

मैदानाचे खरे वैशिष्ट्य मात्र त्याच्या पूर्वेकडील स्टँडमध्ये होते. जुना लाकडी स्टँड १९५८ मध्ये जळाल्यानंतर त्याच वर्षी तेथे पोलादी स्टँड उभा राहिला व तो इंग्लिश फुटबॉलमधील पहिला कँटिलिव्हर स्टँड मानला जातो. कँटिलिव्हर रचनेत छताचा भार मागील बाजूच्या सांगाड्यावर तोलला जातो, त्यामुळे पुढे खांब लागत नाहीत आणि कोणत्याही आसनावरून संपूर्ण मैदान विनाअडथळा दिसते. ही नवी रचना लंडन किंवा मँचेस्टरच्या श्रीमंत क्लबांआधी एका लहान पोलादनगरीत साकारली, यात एक औचित्य होते. म्हणूनच मैदानाबरोबर हा स्टँडही पाडला गेला, हे नुकसान केवळ क्लबाच्या चाहत्यांपुरते मानता येत नाही.

रे क्लेमन्स व केव्हिन कीगन हे पुढे लिव्हरपूल व इंग्लंडकडून गाजलेले खेळाडू येथूनच पुढे आले. भारतीय वाचकांना अधिक परिचित नाव इयन बोथमचे आहे. फेब्रुवारी १९८० मध्ये वानखेडे स्टेडियमवरील सुवर्णमहोत्सवी कसोटीत शतक काढून १३ बळी घेणारा हा क्रिकेटपटू त्याच वर्षी स्कन्थॉर्पच्या फुटबॉल संघातून खेळू लागला. मात्र लीगमधील त्याचे सामने मोजकेच होते.

१९८५ मध्ये ब्रॅडफर्ड येथील स्टँडला लागलेल्या आगीत ५६ जणांचा मृत्यू झाल्यावर सुरक्षेचे नियम कडक झाले. जुन्या मैदानाच्या दुरुस्तीचा खर्च लहान क्लबाच्या आवाक्याबाहेरचा होता आणि जागेला दुकानदारीच्या दृष्टीने चांगली किंमत होती, तेव्हा ती सेफवे या किराणा साखळीला विकण्यात आली. कालांतराने तेथे सेन्सबरीजचे दुकान आले. मे १९८८ मध्ये टॉर्कीविरुद्ध झालेला बढतीसाठीचा प्लेऑफ सामना, म्हणजे साखळी फेरीनंतरची बाद लढत, येथील अखेरचा ठरला. क्लब त्याच वर्षी शहराच्या पश्चिम सीमेवरील ग्लॅनफर्ड पार्कमध्ये गेला. १९५५ नंतर लीगमधील क्लबाने उभारलेले ते पहिलेच नवे मैदान होते, आणि दोनच वर्षांनी वॉल्सॉल क्लबानेही आपले फेलोज पार्क हे मैदान सोडले, तेव्हा तेथेही सुपरमार्केटच आले.