संयुक्त मानापमान

श्रोतेहो, मंडईचे दिवस डोळ्यांसमोर आणा. भाऊबीज आटोपली की आपल्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते आणि रात्री कुठे दंडार, कुठे खडी गंमत, कुठे नाटक उभे राहते. शहापूरच्या माणसाला हे सांगायला नको. शेजारच्या दोन गावांत एकाच रात्री खेळ लागले, तर कोणाच्या मांडवात गर्दी जास्त, यावर दुसऱ्या दिवशी पानठेल्यावर वाद रंगतो. आता अशी कल्पना करा, की त्या दोन मंडळ्यांचे मुख्य नट एकाच मांडवात, एकाच नाटकात समोरासमोर आले. टाळ्या कोणाच्या नावाने वाजवायच्या?

मुंबईत १९२१ साली हे खरोखरच घडले. ८ जुलैला बालीवाला थिएटरात 'मानापमान' नाटकाचा प्रयोग झाला. भामिनी झाले गंधर्व नाटक मंडळीचे बालगंधर्व, आणि धैर्यधर झाले ललितकलादर्शचे केशवराव भोसले. मराठी रंगभूमी त्या प्रयोगाला 'संयुक्त मानापमान' म्हणते.

वयाने दोघेही तिशीतले. पण रंगभूमीवर चांगले मुरलेले. केशवराव लहान पोर असतानाच स्वदेशहितचिंतक मंडळीत उभे राहिले आणि देवलांच्या नाटकातल्या शारदेच्या भूमिकेने नावारूपाला आले. १९०८ साली, वयाची अठरा वर्षे पुरी होण्याआधीच, त्यांनी हुबळीला स्वतःची कंपनी काढली. आपल्या विदर्भाचाही या कंपनीशी धागा आहे बरे का! अमरावतीच्या वीर वामनराव जोशी यांचे 'राक्षसी महत्त्वाकांक्षा' तिनेच गाजवले. बालगंधर्व १९०५ साली किर्लोस्कर मंडळीत आले आणि १९१३ साली गणपतराव बोडस व गोविंदराव टेंबे यांच्यासह बाहेर पडून गंधर्व मंडळीचे झाले.

दोघांचे गाणे अगदी निराळे. केशवरावांचा आवाज उंच, धारदार. तान विजेसारखी जायची. बालगंधर्वांचे गाणे मऊ, लयीत डोलणारे, शब्दाला कुरवाळणारे. ध्वनिक्षेपक त्या काळी नाट्यगृहात नव्हता. ऑर्गन, सारंगी, तबला यांच्या साथीने जे काय पोचवायचे, ते नटाने स्वतःच्या गळ्याने शेवटच्या बाकापर्यंत पोचवायचे. प्रेक्षकांचे तट पडलेले, आणि ते नुसते आवडीचे नव्हते. कंपनी म्हणजे मोठा संसार. नट, साथीदार, पडदेवाले, आचारी, सगळ्यांची भाकरी मुख्य नटाच्या नावावर. सगळ्यांच्या देखत एक जण फिका पडला, तर पुढच्या गावच्या तिकीटविक्रीवर त्याचा परिणाम व्हायचा. असे असताना हे दोघे एकत्र आलेच कसे?

कारण होते टिळक स्वराज्य फंड. लोकमान्य १ ऑगस्ट १९२० रोजी गेले. त्यांच्या नावाने एक कोटी रुपये जमवायचे काँग्रेसने ठरवले, आणि प्रयोगाचे उत्पन्न त्या फंडासाठी होते. नाटकाची निवडही मला फार अर्थपूर्ण वाटते. 'मानापमान' लिहिणारे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर हे 'केसरी'तले टिळकांचे सहकारी. त्यांच्याच 'कीचकवध' नाटकावर सरकारने १९१० साली बंदी घातली होती.

बालगंधर्वांची तर या नाटकाशी फार खोल गाठ. १२ मार्च १९११ रोजी त्याचा पहिला प्रयोग झाला, त्याच दिवशी त्यांची तान्ही मुलगी गेली. तरी ते भामिनी होऊन उभे राहिले.

नाटकाची गोष्ट गावात कोणालाही कळेल अशी आहे. श्रीमंताची मुलगी भामिनी गरीब पण शूर धैर्यधराला झिडकारते. नंतर गरिबाच्या वेषात, वनमाला म्हणून ती त्याच्याजवळ जाते, आणि तिचा अभिमान हळूहळू गळून पडतो. सोबतीला लक्ष्मीधर आहे. अंगावर दागिने, तोंडी बढाया आणि वेळ आली की पळ! त्याचे सोंग पाहून आपल्या खडी गंमतीचा प्रेक्षकही पोट धरून हसेल. गोविंदराव टेंब्यांच्या चालींवरची पदे, मधूनमधून हा विनोद, आणि गाणाऱ्याला गाण्यासाठी भरपूर मोकळी जागा. गंमत अशी, की चढाओढ करणाऱ्या दोघांना कथेनेच आधी भांडायला लावले आणि मग एकमेकांचे मन जिंकायला लावले. नुसती गाण्याची बैठक ठरवली असती, तर ती कुस्तीच झाली असती.

वरचढ कोण ठरले, याचा वाद जुने रसिक पुढे कित्येक वर्षे घालीत राहिले. मला विचाराल तर त्या वादात मी पडणार नाही. एकाची उंच तान संपते न संपते तोच दुसऱ्याचा मऊ सूर उठतो, यात मोजायचे तरी काय?

प्रयोगाला तीन महिनेही झाले नाहीत, तोच ४ ऑक्टोबर १९२१ रोजी केशवराव विषमज्वराने गेले. वय अवघे एकतीस. ललितकलादर्श पुढे बापूराव पेंढारकरांनी सांभाळली. बालगंधर्व १९६७ सालापर्यंत होते. कोल्हापुरात शाहू महाराजांनी बांधवलेल्या नाट्यगृहाला केशवरावांचे नाव दिले गेले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री त्याला आग लागली. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती.