तळटीप १४ : ‘सुटताना सूर लावणारं इंजिन’
१४. हे ऑस्ट्रियन रेल्वेचे सीमेन्सने बांधलेले ‘टॉरस’ इंजिन. लेखकाला ती चढती सरगम भोंग्याची वाटली. प्रत्यक्षात ती इन्व्हर्टरची करामत आहे. वरच्या तारेतला १५,००० व्होल्टचा एसी प्रवाह इंजिनात आधी डीसी होतो आणि इन्व्हर्टर त्यातून मोटरसाठी थ्री-फेज एसी घडवतो. इन्व्हर्टरमधले स्विच फक्त चालू किंवा बंद होऊ शकतात. अधलेमधले व्होल्टेज त्यांना देता येत नाही. म्हणून स्पंदांची रुंदी बदलली जाते : लाटेच्या माथ्याशी रुंद, शून्याजवळ अरुंद. मोटरच्या वेटोळ्यांत या तुकड्यांतून बऱ्यापैकी गोलाईदार प्रवाह वाहतो. हेच पल्स-विड्थ मॉड्युलेशन, अर्थात पीडब्ल्यूएम.

प्रवाह पुरता गुळगुळीत मात्र होत नाही. उरलेल्या लहरींनी मोटर थरथरते आणि आवाज करते. या इंजिनातले जीटीओ जातीचे स्विच सेकंदाला काहीशे वेळाच उघडझाप करतात, त्यामुळे तो आवाज थेट आपल्या कानाच्या टप्प्यात येतो. वेगाबरोबर ही वारंवारता पायरीपायरीने वाढते. अभियंत्यांनी त्या पायऱ्या स्वरांवर बसवल्या, इतकेच.

उघडझाप वाढवली तर प्रवाह सुधारतो, पण प्रत्येक वेळी थोडी ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. नंतरच्या आयजीबीटी स्विचांना अधिक जलद उघडझाप परवडते. त्यामुळे नवी इंजिने अशी गात नाहीत. — संपा.