टिकाव-फावड्यापासून जेसीबीपर्यंत

स्नेहमेळाव्यात कोण काय झाले याची उजळणी होते, तेव्हा शिक्षक, डॉक्टर, फौजदार यांची नावे आधी येतात. जेसीबी-पोकलेनवर बसणारे आपले वर्गमित्र तिथेही मागच्याच बाकावर राहतात. त्यांच्या विद्येलाही इतिहास आहे, तो या स्मरणिकेत नोंदला जावा.

1972 चा दुष्काळ आपल्या आईवडिलांनी खडी फोडून काढला. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते टिकाव, फावडे आणि घमेल्यावर उभे राहिले. वि. स. पागे यांच्या कल्पनेतील रोजगार हमी योजनेचा कायदा 1977 मध्ये मंजूर होऊन 26 जानेवारी 1979 रोजी लागू झाला. माणसाच्या हाताला काम मिळावे, हा त्याचा गाभा.

योगायोग असा, की त्याच 1979 साली हरियाणातील बल्लभगड येथे जेसीबीचे भारतातील काम सुरू झाले. जोसेफ सिरिल बॅमफर्ड या इंग्रज कारखानदाराच्या नावाची ही आद्याक्षरे. ‘पोकलेन’ हेही मुळात एका फ्रेंच कंपनीचे नाव. आपल्याकडे मात्र ही यंत्रांचीच नावे झाली. शंभर घमेल्यांचे काम एक बकेट करू लागली आणि खडी फोडणाऱ्यांची मुले त्या यंत्रामागे शिकायला गेली.

त्यांची शाळा वेगळी होती. सुरुवात हेल्परकीने. पहाटे प्रत्येक पिनेला ग्रीस भरायचे, इंजिन ऑइल, हायड्रॉलिक ऑइल आणि पाणी तपासायचे, रात्री डिझेल राखत यंत्राजवळच झोपायचे. उस्ताद जेवायला बसला, की घटकाभर सीट मिळे. आधी मोकळी माती ओढायची. मागच्या बकेटने खोदण्यापूर्वी दोन्ही जॅक जमिनीवर घट्ट टेकवायचे. दोन लिव्हर एकाच वेळी हलवूनही बकेटला हिसका बसला नाही, म्हणजे हात बसला. मग टिपर भरणे. उतार आणि लेव्हल काढणे सगळ्यात शेवटी. काळी माती संपून मुरूम लागला, हे जाणता ऑपरेटर यंत्राच्या आवाजावरून ओळखतो.

येडशी ते औरंगाबाद महामार्गाचे चौपदरीकरण आणि 2014 नंतरची जलयुक्त शिवारची कामे, यांमुळे या विद्येला आपल्या दारातच मागणी आली.

या शिक्षणात एक उणीव होती, ती म्हणजे सुरक्षिततेची. आमच्या बॅचचा एक मित्र सांगतो, “उचललेल्या बकेटखाली उभं राहायचं नसतं, हे उस्तादानं कॉलर धरून मागं ओढलं तेव्हा कळलं.” चराच्या काठावर मातीचा ढीग टाकला, तर काठ ढासळतो, बूम उचलण्यापूर्वी वरच्या विजेच्या तारा पाहाव्या लागतात. हे धडे कुणी फळ्यावर लिहून दिले नव्हते. चूक झाली आणि वाचलो, तरच धडा मिळे.

आता इन्फ्रास्ट्रक्चर इक्विपमेंट स्किल कौन्सिलच्या अभ्यासक्रमांतून बॅकहो लोडर ऑपरेटरचे रीतसर प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र मिळते. रस्त्यावर यंत्र चालवायला परवाना तर हवाच. पण वीस वर्षे सीटवर बसलेल्यांचे ज्ञान अजून कुठल्याही पुस्तकात आलेले नाही. गुरुजनांना एक विनंती आहे. दहावीच्या मुलांना मार्गदर्शनासाठी पाहुणे बोलावताना, एकदा आपल्या या ऑपरेटर मित्रांनाही बोलवा. कॉलर धरून ओढणारा उस्ताद प्रत्येकाच्या नशिबी असेलच असे नाही.